पिवळ्या बसखालचं मैदान

समस्त नाशिककरांना, आणि ज्यांच्या घरी शाळेत जाणारं एक तरी मूल आहे अशा सर्वांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, यंदाच्या गॅदरिंगच्या हंगामात माझ्या दुकानातून बाहेर पडलेल्या सर्व दाढ्या सुखरूप परत आल्या आहेत. काही मिशा जखमी आहेत. परीचे पंख दरवर्षीप्रमाणे चेंगरून आले आहेत. एक वांगं मात्र अद्याप बेपत्ता असून, ते शेवटचं सातपूरच्या बाजूला एका रिक्षात बसताना दिसलं होतं. कुणास आढळल्यास कृपया देठासह आणून द्यावं.

पंचवटीत माझं ड्रेपरीचं दुकान आहे. नाटकाचे, नाचाचे, फॅन्सी ड्रेसचे कपडे मी भाड्यानं देते. थंडी पडली की सगळा जिल्हा द्राक्षांच्या मागे धावतो आणि मी दाढ्यांच्या. आत्ता हे लिहिताना गच्चीवरच्या दोरीवर मावळ्यांच्या दाढ्या चिमट्यांनी लटकल्यात आणि वाऱ्यानं हळूहळू हलतायत, जणू काही न दिसणारे मावळे गच्चीत उभे राहून मान डोलावतायत. डिंकाचा, पावडरचा, पोरांच्या घामाचा वास अजून त्यांच्यातून गेलेला नाही. खालून रस्त्यानं द्राक्षाचे क्रेट भरलेला टेम्पो जातो आणि त्याच्या मागे तो आंबटगोड, ओलसर वास बराच वेळ रेंगाळतो. हे दिवसच असे असतात. द्राक्षांत साखर उतरत असते आणि पोरांच्या चेहऱ्यावरून उतरत असते, कारण गॅदरिंग संपलं की परीक्षा.

दरवर्षी हे सगळं असंच येतं. पण आता त्या डिंकाच्या वासाबरोबर मला मागचं वर्ष आठवतं. आठवतं म्हणजे काय, मी मोजे शोधायला पेटी उघडते आणि तास तासभर हसत बसते.

माझा दादा मखमलाबादच्या पलीकडे गुलाब करतो. आमच्या घराण्यात फुलंच. आजोबांचा झेंडू, वडिलांची शेवंती, दादाचा गुलाब. पहाटे तोड, मग जुड्या, मग फुलबाजार. त्याच्या मळ्याला लागून एक खाजगी शाळा आहे. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी ते कपडे दुसरीकडून नेतील. इंग्रजी माध्यम, पुढच्या बाजूनं सगळी निळी काच, दारात कारंजं. शाळेची भिंत आणि दादाचं वावर यांच्यामध्ये फक्त एक बाभूळ. त्यामुळे गेली कित्येक वर्षं दादा फुलं तोडता तोडता शाळेची प्रार्थना ऐकत आलाय. ती इंग्रजी प्रार्थना त्याला संपूर्ण पाठ आहे. अर्थ विचारला तर म्हणतो, अर्थ तनूला माहीत हाय. औषधाचा पंप पाठीला लावून, गुलाबांच्या ओळीतून इंग्रजी प्रार्थना गुणगुणत चाललेला माझा भाऊ तुम्ही पाहिला असता, तर तुम्हीही त्या शाळेवर प्रेम केलं असतं.

तनू, म्हणजे तनुजा, त्याची मुलगी, त्याच शाळेत. दादाला शाळेचा धाक केवढा, तर पालकसभेला तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि काट्यांनी ओरखडलेले हात मांडीखाली दडपून ठेवायचा. बाई काहीही म्हणाल्या की ‘येस मॅडम’. एकदा बाईंनी विचारलं होतं की तनुजाचे वडील आज आलेले नाहीत का, त्यालाही तो ‘येस मॅडम’ म्हणाला.

तनूला मात्र शाळेचा धाक कधीच नव्हता. बालवाडीत असताना मी तिला द्राक्षाचा घड केला होता. अंगभर हिरवे फुगे, डोक्यावर पान. माझी कलाकृती. दादा आनंदानं वेडा झाला आणि त्यानं तिला उचलून छातीशी धरलं. आता गुलाबवाल्याच्या सदऱ्यात काटे असायचेच. पोरगी स्टेजवर गेली तेव्हा अंगावर जेमतेम चार फुगे उरलेले. परीक्षकबाईंनी लाडानं विचारलं, बाळ, तुझी बाकीची द्राक्षं कुठे गेली? तनू सरळ म्हणाली, माल मार्केटला गेला. पहिलं बक्षीस. मी तेव्हाच वहिनीला म्हटलं होतं, ही बोलणार, आणि जिथे बोलू नये तिथे बोलणार.

नववीत गेल्यावर तिला माझ्या स्कूटरवर मागे बसून शाळेची समीक्षा करायची सवय लागली. शाळा सुटली की पाटाच्या कडेकडेनं आम्ही यायचो, एका बाजूला द्राक्षबागांचे मांडव, आणि माझ्या कानामागे अखंड टीका. आमच्या शाळेत झाड कसं लावतात माहितीये का आत्या, आधी फोटो, मग झाड, मग पुन्हा फोटो, आणि मग झाड विसरतात. आमच्या शाळेत लायब्ररी इतकी सुंदर आहे की पुस्तक काढलं तर ती बिघडेल म्हणून काढू देत नाहीत. कॉरिडॉरमध्ये ‘हसा’ अशी पाटी आहे आणि खाली ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, तर दातच दाखवायचे का?

मी हसून हसून स्कूटर पाटात घालायची बाकी ठेवायचे. पण न्याय म्हणून हेही सांगते, की हीच पोरगी प्रयोगशाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल पाहून आली तेव्हा दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. घरातला प्रत्येक कांदा हातात घेऊन बघायची. प्रिन्सिपल मॅडमना शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव पाठ आहे, हेही मला तिनंच अभिमानानं सांगितलं. आमच्या वेळी नगरपालिकेच्या शाळेत मैदान होतं, पण सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद. हेडसरांना माझं नाव शेवटपर्यंत कळलं नाही, ते मला ‘ए वेणीवाली’ म्हणायचे. तेव्हा शाळा म्हणजे काही ना काही उणं असायचंच. फरक एवढाच की आम्हाला ते उणं दिसायचं नाही आणि तनूला दिसतं. माझ्या मते त्या महागड्या शाळेनं तिला दिलेली सगळ्यात मोलाची वस्तू ती हीच.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मात्र टीकेतला खट्याळपणा गेला आणि राग आला. शाळेच्या मैदानावर बस उभ्या राहायला लागल्या होत्या.

झालं होतं असं, की आधी बस बाहेर रस्त्याला लागायच्या. आसपास सोसायट्या झाल्या, रस्ता तुंबायला लागला, लोकांच्या तक्रारी आल्या, आणि शाळेनं त्या आत घेतल्या. मैदानावर आडव्या ओळीत पिवळ्या बस. त्यासाठी खो-खोचे दोन्ही खांब उपटले. तनू खो-खोच्या संघात होती. होती म्हणजे, तिचा संघ होता आणि मैदान नव्हतं. पीटीचा तास योगाच्या हॉलमध्ये भरायला लागला. तिथे गालिच्यावर बसवून सांगायचे, डोळे मिटा आणि कल्पना करा की तुम्ही धावताय. ही गोष्ट तिनं सांगितली तेव्हा मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. मी हसत होते आणि आरशात पाहिलं तर ती हसत नव्हती.

त्या पोरी ऐकणाऱ्या नव्हत्या. मधल्या सुट्टीत बसच्या मधल्या फटींत खेळायच्या. पळणारी बसच्या आड लपायची, म्हणजे खो-खो आणि लपाछपी असा एक नवाच खेळ त्यांनी काढला होता. खंडूभाऊ म्हणून एक ड्रायव्हर होते, मिशा खऱ्या, माझ्या दुकानातल्या नव्हेत. ते बसच्या पायरीवर बसून पंचगिरी करायचे आणि कुणी बाद झालं की हॉर्न वाजवायचे. एक दिवस एका पोरीचं कपाळ बसच्या आरशाला लागलं, चांगलं टेंगूळ आलं, आणि तेही बंद झालं. जानेवारीपासून संघच मोडायचा असं ठरलं. तनूला बाकी काही नको होतं. तिला ते मैदान परत हवं होतं.

आता एक गोष्ट तिला माहीत नव्हती आणि मला होती. बस आत घेण्याआधी प्रिन्सिपल मॅडम स्वतः दादाच्या मळ्यात आल्या होत्या. बाभळीपलीकडचा जो पट्टा, तिथले जुने गुलाब दादानं काढून टाकले होते आणि रान विश्रांतीला मोकळं ठेवलं होतं. तेवढी जागा बसला द्याल का, असं त्यांनी विचारलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा भाऊ त्या शाळेला ‘येस मॅडम’ म्हणाला नाही. मला फोन करून तो हळू आवाजात म्हणाला होता, “अगं, चाकाखाली दाबली की माती मरती. आजाच्या हातचं रान हाय ते. नाय म्हणलो. पन तनूला सांगू नको.”

आता विचार करा. मी. जिच्या पोटात गोष्ट टिकली तर डॉक्टरला बोलवावं लागेल. ती मी रोज स्कूटरवर त्या पोरीचा मैदानाचा शोक ऐकत होते आणि ‘हं’ म्हणत होते. तनूला मैदान हवं होतं, दादाला वावर हवं होतं, आणि ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे तिला सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बरं, दादाचंही चुकलं म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. त्या मातीत बसून मी शेवंतीच्या कळ्या खुडल्यात. अजूनही पायाला तिचा मऊपणा आठवतो, पाणी दिल्यावर संध्याकाळी अंगाला लागणारा तिचा गार वास आठवतो. तिच्यावर बस उभी आहे, ही कल्पना मलाही करवत नव्हती.

अशात गॅदरिंगचा आठवडा आला. त्या शाळेत वर्षभर इंग्रजीचा कारभार, पण गॅदरिंगच्या आठवड्यात एक दिवस मराठीला दिलेला. त्या दिवशी पालकांसमोर वादविवाद होतो आणि विषय दरवर्षी एकच: आमची शाळा सर्वोत्तम आहे. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरते. ज्याला विरुद्ध बाजू येईल, त्यानं काय तक्रारी करायच्या हे मराठीच्या पगारे बाई ठरवून देतात. समोशात तेल जास्त, दप्तर जड, घंटेचा आवाज बारीक. आणि मग त्या विरोधकानं शेवटी हात जोडून म्हणायचं, ‘पण या साऱ्या तक्रारी विसरायला लावणारी माझी शाळाच सर्वोत्तम आहे.’ टाळ्या. माझ्या धंद्यात हा प्रकार जुना आहे. खलनायक तिसऱ्या अंकात नायकाच्या पाया पडतो, त्यासाठी लागणारी काळी शालही माझ्याकडे भाड्यानं मिळते. शाळेत याला लोकशाही म्हणतात.

चिठ्ठी कुणाला आली असेल ते मी सांगायला नको.

कार्यक्रमाच्या सकाळी मी दादाला माझ्या दुकानातला कोट घातला. गडद निळा, आधीच्याच आठवड्यात एका एकांकिकेत कलेक्टर होऊन आलेला. काखेत जरा घट्ट होता. हात वर करू नकोस, एवढं मी बजावलं. तो म्हणाला, मी कशाला हात वर करतोय, मी तर तिथं बोलत बी नाय. वहिनी आली नव्हती, द्राक्षाच्या काढणीला शेजारच्या बागेत माणसं हवी होती म्हणून. आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत बसलो. खुर्च्यांना पांढरे झगे घातलेले, एसीचा गारवा, पुढे मॅडम, मागे दाराशी ड्रायव्हर मंडळी उभी. बाजूनं बोलणारा मुलगा छान बोलला. कारंज्याचाही उल्लेख केला.

मग तनू आली. नवी वेणी, पांढरे मोजे, आणि बालवाडीत होता तोच चेहरा. समोसा झाला. दप्तर झालं. लोक ठरल्याप्रमाणे हसले. पगारे बाई पहिल्या रांगेतून ओठ हलवत तिचं भाषण तिच्याबरोबर म्हणत होत्या. आणि मग एकाएकी त्यांचे ओठ थांबले, कारण घंटा आलीच नाही.

“तिसरी तक्रार मला दिलेली नाही, माझी आहे,” तनू म्हणाली. “मागच्या वर्षी या दिवसांत आम्ही मैदानावर पडत होतो. आता पडायला जागा नाही. आमचे खांब कॅन्टीनमागे टाकलेत आणि त्यांच्यावर फरशी पुसायची फडकी वाळत घालतात. आम्हाला डोळे मिटून धावायला सांगतात. मी रोज धावते. पण डोळे मिटून धावताना मला खो कुणी देत नाही.”

सभागृहात कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबलं. पगारे बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. तनू थांबली, आणि मग अगदी नम्रपणे म्हणाली, “शेवटचं वाक्य मला पाठ आहे. खांब परत दिसले की मी ते प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणेन. आज नाही म्हणणार.”

मी आयुष्यभर राण्या सजवल्या. कमरेला तलवारी बांधल्या, कपाळाला चंद्रकोरी लावल्या. पण सुती मोजे घातलेली राणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आणि माझ्या शेजारी निळ्या कोटातला माणूस खुर्चीत खाली खाली चालला होता.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. प्रिन्सिपल मॅडम उठल्या. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. त्या माइकपाशी गेल्या, तनूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की ही तक्रार योग्य आहे. बस त्यांनी आत घेतल्या, दुसरी जागा मिळवणं हे त्यांचं काम होतं, ते त्यांच्याकडून झालं नाही.

इथे शहाण्या मुलीनं थँक्यू म्हणून खाली उतरायचं असतं. तनूनं विचारलं, “मॅडम, जागा कुणाला मागितली होती का?”

माझ्या हातातला पदर मी तोंडाशी नेला. दादाचे हात मांडीखाली गेले. मॅडमनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, फक्त एक क्षण, आणि लगेच नजर वळवून छताकडच्या दिव्यांकडे नेली. “मागितली होती,” त्या म्हणाल्या. “त्यांना ती देणं शक्य नव्हतं. त्यांचं कारण मला पटलं.”

“कोण ते?”

“ते मी सांगणार नाही, तनुजा.”

एवढं एक नाव सांगितलं असतं तर त्या सुटल्या असत्या. सगळ्या पालकांसमोर दोष भिंतीपलीकडे ढकलता आला असता, तोही अशा माणसावर, जो तिथे कधी तोंड उघडत नाही. त्यांनी तो स्वतःकडे ठेवला. त्या शाळेची काच, कारंजं आणि पाट्या यांच्यावर मी आजही मनसोक्त हसते, पण त्या बाईचं ते छताकडे पाहणं आठवलं की हसू जरा बाजूला ठेवते. तनू आता दहावीत आहे. परवा अभ्यासाला म्हणून माझ्याकडे आली, दाढ्यांच्या खाली चटई टाकून बसली, आणि मी विचारलं की सगळ्या शाळेत तुला सर्वांत जास्त काय आवडतं. तिनं ताज्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालत सांगितलं, मॅडम खोटं बोलत नाहीत, गप्प बसतात.

तर पुन्हा त्या सभागृहात. मॅडम तनूला म्हणत होत्या की सुट्टीत काही मार्ग काढू, आणि सुट्टीत म्हणजे कधीच नाही हे तनूला, मला आणि बहुधा त्यांनाही कळत होतं. तेवढ्यात मागून दाराशी उभे असलेले खंडूभाऊ, माइक नसताना माइकपेक्षा मोठ्यानं म्हणाले, “पोरगी खरं बोलती, मॅडम. पन गाड्या लावायच्या कुठं, ते तर सांगा कुणीतरी.”

आणि माझ्या शेजारी काहीतरी फाटल्याचा आवाज आला. पाहते तर कलेक्टरचा कोट काखेत उसवला होता. दादा उभा राहिला होता. त्याचा हात वर होता, सगळे ओरखडे दिसतील असा, आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या तनूचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी त्याचा कोट ओढत होते, कशासाठी कुणास ठाऊक. आवाज मळ्यातला होता, बाभळीपलीकडे सहज ऐकू जाणारा.

“मीच नाय म्हणलो होतो. लावा गाड्या माझ्या वावरात. पन पहिले त्या खांबांवरची फडकी काढा.”